एका वाहिनीसाठी प्राण पणाला: वेल्स १९७९-८२, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

१ मार्च १९७९ हा वेल्सच्या संत डेव्हिडचा दिवस. त्याच दिवशी वेल्सच्या मतदारांनी स्वतःच्या विधानसभेचा प्रस्ताव फेटाळून लावला. बाजूने पडली जेमतेम २० टक्के मतं. वायव्येकडच्या ग्विनेद परगण्यात वेल्श भाषा घराघरात बोलली जाते, पण तिथेही बहुमत विरोधातच गेलं. दोन महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक झाली. प्लाइड कम्री या राष्ट्रवादी पक्षाचे अध्यक्ष ग्विन्फोर एव्हान्स यांनी कारमार्दनची जागा गमावली. पक्षाचे दोनच खासदार उरले आणि लंडनमध्ये हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर यांचं सरकार आलं. वेल्श राष्ट्रवाद मतपेटीत इतका खचलेला असताना, पुढच्या अठरा महिन्यांत त्याच पक्षाच्या पराभूत अध्यक्षाने या सरकारला स्वतंत्र वेल्श टेलिव्हिजन वाहिनी नाकारण्याचा आपला जाहीर निर्णय मागे घ्यायला लावला. हे कसं घडलं आणि त्यातून हाती नेमकं काय लागलं, याचा हा मागोवा आहे.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १९११ च्या जनगणनेत वेल्समधले ४३.५ टक्के लोक वेल्श बोलत होते. १९६१ मध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांवर आलं आणि १९७१ मध्ये २०.८ टक्क्यांवर. खाणी आणि पोलाद कारखान्यांमुळे झालेलं स्थलांतर, इंग्रजीतून चालणाऱ्या शाळा, इंग्रजीतच चालणारा सरकारी कारभार अशी कारणं होतीच. त्यांत आता दिवाणखान्यातल्या टेलिव्हिजनची भर पडली होती. शाळेत आणि चर्चमध्ये वेल्श बोलणारं मूल संध्याकाळी दोन-तीन तास इंग्रजीच ऐकायचं. आधीच्या कुठल्याच पिढीवर घराच्या आत असा परभाषेचा मारा झाला नव्हता.

दुसरा धागा पाण्याचा. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं, म्हणून बालाजवळच्या ट्रवेरिन खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. १९५७ मध्ये त्याचं विधेयक ब्रिटिश संसदेत आलं तेव्हा वेल्समधल्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही. तरी ते मंजूर झालं. कापेल केलिन हे पूर्णपणे वेल्शभाषक गाव शाळा, टपालघर, चर्च आणि दफनभूमीसह बुडालं. धरणग्रस्त म्हणजे काय हे कोयना आणि उजनीकाठच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. वेल्समध्ये त्या दुःखात एक राजकीय धडाही मिसळला होता: सगळे खासदार एका बाजूला असले तरी काही फरक पडत नाही. गावकऱ्यांसोबत लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून निघालेल्या मोर्चात ग्विन्फोर एव्हान्स होते. धरण अडवता आलं नाही, तेव्हा तुम्ही पुरेसे कठोर झाला नाहीत, असं त्यांच्याच पक्षातल्या तरुणांनी त्यांना सुनावलं.

तिसरा धागा १९६२ चा. पक्षाचे एक संस्थापक आणि नाटककार सॉन्डर्स लुईस यांनी रेडिओवरून एक भाषण दिलं. क्रांतिकारी मार्ग धरला नाही तर ही भाषा एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मरेल, असं ते म्हणाले. त्याच वर्षी वेल्श भाषा सोसायटी स्थापन झाली आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. इंग्रजी पाट्यांना रंग फासणं, इंग्रजीतल्या समन्सला हजर न राहणं, तुरुंगात जाणं सुरू झालं. वस्तूंचं नुकसान करायचं, पण माणसाला इजा करायची नाही, हा नियम त्यांनी कसोशीने पाळला.

पेच

सत्तरच्या दशकात बीबीसी आणि खासगी आयटीव्ही या दोन्हींवर वेल्श कार्यक्रम लागत, पण आठवड्याला थोडेच तास, आणि बरेचसे आडवेळेला. यावर खूश कोणीच नव्हतं. वेल्शभाषकांना ते अपुरे वाटत. इंग्रजीभाषकांना आपल्या आवडीच्या कार्यक्रमाच्या जागी न कळणारी भाषा ऐकावी लागते याचा राग येई. किनाऱ्यालगतच्या आणि सरहद्दीवरच्या हजारो घरांनी तर छपरावरचा अँटेनाच इंग्लंडमधल्या प्रक्षेपण केंद्राकडे वळवून घेतला. त्या घरांतून वेल्श कार्यक्रम तर गेलेच, वेल्सच्या बातम्याही गेल्या.

तेव्हा ब्रिटनमध्ये चौथी वाहिनी सुरू व्हायची होती. वेल्समध्ये ती वेल्श कार्यक्रमांना द्यावी, ही शिफारस १९७४ मध्ये क्रॉफर्ड समितीने केली आणि १९७७ मध्ये ॲनन समितीने ती उचलून धरली. १९७९ च्या निवडणुकीत मजूर आणि हुजूर या दोन्ही पक्षांनी तसं वचन दिलं. मागणी जणू मान्यच झाली होती.

१२ सप्टेंबर १९७९ रोजी गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी केंब्रिजमध्ये जाहीर केलं की स्वतंत्र वेल्श वाहिनी होणार नाही. वेल्श कार्यक्रमांचे तास वाढवू, पण ते दोन वाहिन्यांवर विभागलेले राहतील. खर्चाचं कारण पुढे करण्यात आलं. मला वाटतं, खर्चाइतकाच सार्वमताच्या निकालाचाही यात वाटा असावा. ज्या चळवळीला स्वतःच्या भूमीवर पाचातलं एकच मत मिळतं, तिला दिलेला शब्द मोडला तर काय बिघडणार, असा हिशेब कोणत्याही सरकारने केला असता.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरकारचा प्रस्ताव स्वीकारण्याचा. आज मागे वळून पाहताना हा पर्याय मूर्खपणाचा वाटतो, तसा तो नव्हता. खुद्द वेल्शप्रेमींमध्ये त्याचे समर्थक होते आणि त्यांचा मुद्दा वजनदार होता. बहुसंख्यांच्या वाहिनीवर भाषा दिसत राहिली तर ती सगळ्यांच्या कानावर पडते. आई वेल्श आणि वडील इंग्रजीभाषक अशा घरातलं मूल चुकूनमाकून का होईना, वेल्श कार्यक्रम पाहतं. वेगळी वाहिनी केली की ज्याला ती हवी तोच ती लावणार. भाषा सुरक्षित होईल, पण कुंपणाच्या आत.

दुसरा पर्याय कायद्याच्या आणि संसदेच्या मार्गाचा. दोन खासदारांच्या बळावर तो किती पुढे जाणार? आणि ट्रवेरिनची आठवण अजून ताजी होती.

तिसरा मार्ग सविनय कायदेभंगाचा, म्हणजे टेलिव्हिजनचं परवाना शुल्क (घरात टीव्ही ठेवण्यासाठी भरायचं आणि बीबीसी ज्यावर चालते ते शुल्क) न भरणं, मनोऱ्यांवर चढणं, केंद्रं बंद पाडणं. भाषा सोसायटीचे कार्यकर्ते हे वर्षानुवर्षं करत होते. यात माणसं तुरुंगात जात, बातम्या होत, पण सरकारला त्याची सवय झाली होती.

चौथा मार्ग बोलून दाखवला जात नव्हता, पण तो हवेत होता. डिसेंबर १९७९ पासून वेल्शभाषक भागातली इंग्रज मालकांची रिकामी सुट्टीची घरं जाळली जाऊ लागली. पुढे ही मोहीम 'मेबियॉन ग्लिंदूर' या नावाने ओळखली गेली. ग्विन्फोर एव्हान्स कट्टर शांततावादी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लढायला नकार दिला होता. या मार्गाची त्यांना मनापासून भीती वाटत होती, कारण शांततेच्या मार्गाने काहीच पदरात पडत नाही हे तरुणांच्या मनावर ठसलं, तर पुढची पिढी कुठे वळेल हे त्यांना दिसत होतं.

काय केलं गेलं

ऑक्टोबर १९७९ मध्ये तीन प्रौढ, प्रतिष्ठित माणसं कारमार्दनशरमधल्या पेनकारेग इथल्या प्रक्षेपण केंद्रात शिरली आणि त्यांनी प्रक्षेपण बंद केलं. मेरेडिद एव्हान्स हे बीबीसीच्या वेल्श विभागात मनोरंजनाचे प्रमुख राहिलेले अभ्यासक, नेड थॉमस हे विद्यापीठातले प्राध्यापक आणि पेन्नर डेव्हिस हे धर्मशास्त्र महाविद्यालयाचे प्राचार्य. पुढे ते दोषी ठरले आणि त्यांना दंड झाला. माझ्या मते या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णयबिंदू. विद्यार्थी तुरुंगात गेला की लोक म्हणतात, वयच तसं आहे. प्राचार्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले की शांत बसलेल्या मध्यमवर्गाला आपली बाजू ठरवावी लागते. पाठोपाठ सुमारे २००० जणांनी परवाना शुल्क न भरण्याची आणि वेळ पडली तर तुरुंगात जाण्याची प्रतिज्ञा केली.

५ मे १९८० रोजी ग्विन्फोर एव्हान्स यांनी जाहीर केलं की सरकारने शब्द पाळला नाही तर ६ ऑक्टोबरपासून आपण आमरण उपोषणाला बसू. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. लानगाडोगला टोमॅटो पिकवणारा, चर्चला नेमाने जाणारा, आवाज न चढवता बोलणारा हा माणूस. १९४५ पासून तो पक्षाचा अध्यक्ष होता आणि १९६६ मध्ये प्लाइड कम्रीचा पहिला खासदार झाला होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये अवघ्या तीन मतांनी हरूनही त्याचा तोल ढळला नव्हता. त्यामुळे ही पोकळ धमकी आहे असं त्याला ओळखणाऱ्या कोणालाही वाटलं नाही.

या घोषणेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तारीख पाच महिने पुढची होती. तेवढ्या अवधीत सरकारला माघार घ्यायला जागा होती आणि चळवळीला गावोगाव सभा घ्यायला वेळ होता. मागणी एकच होती आणि ती मोजता येण्याजोगी होती. वाहिनी मिळाली की नाही, यात संदिग्धतेला वाव नव्हता. मागणी नवीही नव्हती, सरकारच्याच जाहीरनाम्यातली होती. स्वराज्य द्या म्हणून उपोषण केलं असतं, तर सार्वमताचा आकडा लगेच तोंडावर फेकला गेला असता. 'दिलेला शब्द पाळा' या मागणीला तसं उत्तर नव्हतं.

गांधीजींचा मार्ग ग्विन्फोर यांच्या डोळ्यांसमोर होता. मराठी वाचकाला इथे १९३२ मधलं येरवड्याचं उपोषण आणि पुणे करार आठवल्याशिवाय राहणार नाही. आणि त्यासोबत एक अडचणीचा प्रश्नही येतो: प्राणांतिक उपोषण म्हणजे समोरच्याला पेचात पकडणं नाही का? डॉ. आंबेडकरांवर तेव्हा केवढं दडपण आलं होतं हे आपल्याला ठाऊक आहे. मी या दोन उपोषणांत एक फरक करतो. येरवड्याच्या उपोषणाचा भार ज्यांच्यावर पडला, ते स्वतःच सत्ताहीन होते. वेल्समध्ये भार पडला तो शब्द मोडणाऱ्या सरकारवर, आणि वेल्श वाहिनी आल्याने इंग्रजीभाषक प्रेक्षकाचा कोणताही हक्क जात नव्हता. तरीही हा प्रश्न पूर्ण सुटतो असं मी म्हणणार नाही. ज्या मागणीमागे बहुमत सिद्ध झालेलं नाही, तिच्यासाठी एका माणसाने प्राण पणाला लावावेत का, यावर तेव्हा वेल्समध्येही एकमत नव्हतं.

उन्हाळ्यात सभांना गर्दी वाढत गेली. त्याच काळात दक्षिण वेल्समध्ये पोर्ट टॅलबट आणि लानवर्नच्या पोलाद कारखान्यांत हजारो नोकऱ्या जात होत्या. पोलाद कामगारांचा मोठा संप नुकताच होऊन गेला होता. उत्तरेत घरं जळताहेत, दक्षिणेत बेकारी वाढतेय, आणि त्यात एका सर्वमान्य वृद्ध नेत्याचा उपोषणात मृत्यू झाला तर? या प्रश्नाचं उत्तर लंडनला द्यायचं होतं.

इथे दुसरा निर्णयबिंदू येतो आणि तो बहुतेक वेळा उपोषणाच्या झगझगाटात झाकला जातो. १० सप्टेंबर १९८० रोजी तिघांचं एक शिष्टमंडळ व्हाइटलॉ यांना भेटलं. वेल्सचे आर्चबिशप जी. ओ. विल्यम्स, मजूर पक्षाचे माजी मंत्री क्लेडविन ह्यूज आणि वेल्सच्या प्रशासनात सर्वोच्च पदावर काम केलेले सर गोरॉन्वी डॅनियल. यांतला एकही जण प्लाइड कम्रीचा नव्हता. आपण धमकीपुढे झुकलो असं सरकारला म्हणावं लागू नये, मध्यममार्गी वेल्सचं ऐकलं असं म्हणता यावं, ही सोय या तिघांनी करून दिली. रस्त्यावरचा दबाव आणि दिवाणखान्यातली मध्यस्थी यांपैकी एकच असतं, तर माझ्या मते काही झालं नसतं.

१७ सप्टेंबरला सरकारने माघार घेतली. उपोषण सुरू व्हायला अजून जवळपास तीन आठवडे होते.

निकाल

नोव्हेंबर १९८० मध्ये प्रसारण कायदा मंजूर झाला. १ नोव्हेंबर १९८२ रोजी एस फोर सी ही वेल्श वाहिनी सुरू झाली, बाकीच्या ब्रिटनसाठीच्या चौथ्या वाहिनीच्या, म्हणजे चॅनल फोरच्या, एक दिवस आधी. पहिले अध्यक्ष होते सर गोरॉन्वी डॅनियल. आठवड्याला सुमारे २२ तास वेल्श कार्यक्रम, तेही संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी, आणि उरलेल्या वेळात चॅनल फोरचे इंग्रजी कार्यक्रम. बीबीसीने वेल्श कार्यक्रमांचे तास वाहिनीला विनामूल्य पुरवायचे आणि बाकीचा पैसा आयटीव्ही कंपन्यांच्या वर्गणीतून यायचा, अशी व्यवस्था ठरली.

वाहिनीने जे घडवलं ते मोठं होतं. कारनारफनसारख्या छोट्या गावात स्वतंत्र निर्मिती संस्था उभ्या राहिल्या. वेल्शमध्ये लिहून, अभिनय करून, कॅमेरा चालवून पोट भरता येतं, हे एका पिढीने पहिल्यांदा अनुभवलं. शिक्षक किंवा धर्मोपदेशक होणं यापलीकडे वेल्शभाषक पदवीधराला स्वतःच्या भाषेत फारसा व्यवसाय नव्हता, तिथे हा फरक लहान नाही. मुलांसाठी कार्टून आली, रग्बीचं समालोचन वेल्शमध्ये आलं, आणि वाहिनीसाठी बनलेला एक चित्रपट नव्वदच्या दशकात ऑस्करच्या परभाषी विभागात नामांकनापर्यंत पोचला.

इंग्रजीभाषकांचा रागही बराच निवळला, कारण त्यांच्या वाहिन्यांवरचे वेल्श कार्यक्रम एकत्र हलवले गेले. स्वतंत्र वाहिनीची मागणी टिकली त्यामागे हे एक फारसं न बोललं जाणारं कारण होतं. जे भाषेवर प्रेम करत आणि ज्यांना ती ऐकायची नव्हती, त्या दोघांनाही वेगळी वाहिनीच सोयीची होती.

राजकीय नफा मात्र झाला नाही. ग्विन्फोर १९८१ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले आणि १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक हरले. पक्षाचे खासदार दोनच राहिले. विधानसभेचा कौल मिळायला १९९७ उजाडावं लागलं, तोही ५०.३ टक्के इतका काठावरचा.

आणि भाषा? १९८१ मध्ये १८.९ टक्के, १९९१ मध्ये साडेअठरा टक्क्यांच्या आसपास, २००१ मध्ये २०.८ आणि २०२१ मध्ये १७.८ टक्के. सॉन्डर्स लुईस यांचं भाकीत खरं ठरलं नाही, पण घसरण थांबली असंही म्हणता येत नाही. २००१ पर्यंत जी वाढ झाली ती मुख्यतः वेल्श माध्यमाच्या शाळांमुळे. ग्विनेदमध्ये आजही सुमारे ६४ टक्के लोक वेल्श बोलतात. पण ग्विन्फोर यांच्या कारमार्दनशरमध्ये २००१ मध्ये निम्म्याच्या किंचित वर असलेलं प्रमाण २०२१ मध्ये ४० टक्क्यांखाली गेलं. तरुण नोकरीसाठी कार्डिफला किंवा इंग्लंडला जातात, गावातली घरं बाहेरचे लोक विकत घेतात. हे कोणतीही वाहिनी रोखू शकत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सरकारच्या बाजूने पाहिलं तर चूक सरळ आहे. ज्या प्रश्नावर दोन समित्या आणि दोन्ही मोठे पक्ष एकमताने उभे होते, तो प्रश्न त्याने स्वतःहून पेटवला. सार्वमतातल्या 'नाही'चा अर्थ त्याने 'आम्हाला वेल्श असण्याशी देणंघेणं नाही' असा लावला. वेल्सच्या मतदाराने विधानसभा नाकारली होती, आणि तिच्याबद्दलची मोठी भीती हीच होती की तिथे वेल्शभाषक अल्पसंख्य राज्य करतील. ही भीती आणि भाषेबद्दलचा जिव्हाळा एकाच घरात, कधी एकाच माणसात नांदत होता.

चळवळीच्या बाजूने पाहिलं तर माझा पहिला आक्षेप जोखमीचा आहे. सरकार नमलं नसतं तर पुढे काय, याची तयारी दिसत नाही. पुढच्याच वर्षी उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात दहा उपोषणकर्ते मेले आणि त्याच थॅचर सरकारने राजकीय कैद्याचा दर्जा दिला नाही. मागणी वेगळी होती, परिस्थिती वेगळी होती, हे खरं. पण हे सरकार माणूस मरू देऊ शकतं हे त्यातून दिसलं. वेल्समध्ये एका मृत्यूनंतर अहिंसेचा नियम टिकला असता का? ग्विन्फोर जी हिंसा टाळू पाहत होते, तीच त्यांच्या मृत्यूमुळे भडकण्याची शक्यता होती. इतका मोठा डाव एका ६८ वर्षांच्या शरीरावर लावण्याआधी शुल्कनकाराची मोहीम वाढवून पाहायला हवी होती, असं मला वाटतं. २००० च्या जागी २०,००० घरांनी नकार दिला असता, तर वसुलीच कोलमडली असती आणि भारही अनेक खांद्यांवर वाटला गेला असता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सगळी शक्ती वाहिनी मिळवण्यात लागली, पण तिच्या तिजोरीची किल्ली कोणाकडे राहील हा प्रश्न मागे पडला. ती लंडनकडेच राहिली. १९९० च्या कायद्यानंतर सरकार थेट पैसा देऊ लागलं आणि नंतर तो महागाईच्या दराशी जोडला गेला, तेव्हा वाहिनीला खरं स्थैर्य आलं. पण २०१० मध्ये सरकारने चार वर्षांत सुमारे एक चतुर्थांश कपात जाहीर केली, निधीचा मोठा भाग बीबीसीच्या परवाना शुल्कावर टाकला आणि २०११ मध्ये महागाईशी जोडणारी तरतूद रद्द केली. तेव्हा कार्डिफमध्ये निवडून आलेलं वेल्श सरकार होतं, तरी त्याला या निर्णयात अधिकार नव्हता. प्रसारण हा विषय आजही लंडनच्या संसदेकडे आहे. २०२२ पासून वाहिनीचा सार्वजनिक निधी पूर्णपणे परवाना शुल्कातून येतो, आणि त्या शुल्काची रक्कम व भवितव्य वेल्सच्या बाहेर ठरतं.

१९८० मध्ये व्हाइटलॉ यांच्याकडून याहून जास्त मिळालं असतं का? बहुधा नाही. पण १९९७ नंतर, विधानसभा आकार घेत असताना, प्रसारणाचा अधिकार मागण्याची वेळ होती. तेव्हा शिक्षण, आरोग्य, शेती यांच्या वाटपात हा विषय बाजूला राहिला. उपोषणाच्या घोषणेच्या वेळी जी माणसं वयाने विशीत होती, ती आता साठी ओलांडून त्याच मागणीसाठी सह्या गोळा करत आहेत, आणि वाहिनीचे आजचे अधिकारी दर काही वर्षांनी पुढच्या निधीसाठी लंडनचे उंबरे झिजवत आहेत.